गॅस म्हटला की कोणता?

आपण सगळ्यालाच ‘गॅस’ म्हणतो, पण प्रत्येकाची चाल वेगळी.

सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन. हा हवेपेक्षा जड, गळाला की जमिनीलगत साचतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वास मुद्दाम मिसळतात. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, लाइटचं बटण चालू-बंद करू नका. बाहेर येऊन १९०६ ला फोन लावा.

गोबरगॅसमधला मिथेन हलका, वर चढतो. म्हणून छताजवळचा झरोका उघडा ठेवा.

सोड्याच्या बाटलीत फसफसतो तो कार्बन डायऑक्साइड. जुन्या विहिरीच्या तळाशीही तो साचतो; ना रंग, ना वास. उन्हाळ्यात गाळ काढायला उतरणाऱ्याच्या अंगाला दोर बांधाच. तो बेशुद्ध पडला, तर त्याच्यामागे कोणाला उतरू देऊ नका. वरूनच ओढा, ११२ ला कळवा. एकामागून एक उतरले की एकाच घरातले दोन-तीन जीव जातात. बैठकीतून घरी गेल्यावर हे घरच्या माणसांना नक्की सांगा.