आधी कोण घरी बसणार?

‘अहो, मी व्हीआरएस घेतेय.’

रविवार सकाळ, डोंबिवली, टेबलावर इडली-चटणी. आई हे वाक्य ‘चटणीत मीठ कमी झालंय’ या टोनमध्ये बोलली. बाबांचा चमचा हवेतच थांबला. मी आणि नवरा एकमेकांकडे बघत बसलो.

थोडा हिशेब सांगते. आई राज्य सरकारी नोकरीत, वय 55, सर्व्हिस 31 वर्षं. रिटायरमेंट 58 ला. 20 वर्षं सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन बाहेर पडता येतं, म्हणजे नियम तिच्या बाजूने. बाबा प्रायव्हेट कंपनीतून 2023 मध्ये रिटायर झालेत. ते म्हणतात, ‘तीनच तर वर्षं! पेन्शन शेवटच्या पगारावर मोजतात, तीन इन्क्रिमेंट का सोडायची?’ आई म्हणते, ‘तीन वर्षं लोकलने मी जाणार आहे, तुम्ही नाही.’ तिच्या गुडघ्यांना डोंबिवली स्टेशनचा ब्रिज आता एव्हरेस्ट वाटतो.

आईचा होमवर्क सॉलिड आहे. पोस्टाची सीनिअर सिटिझन स्कीम एरवी 60 नंतरची, पण व्हीआरएस घेणाऱ्यांना 55 पासून चालते आणि 2023 पासून तिची मर्यादा 30 लाख झालीय, हे तिने कात्रण काढून ठेवलंय. बाबांकडे तिच्या एकाही मुद्द्याला उत्तर नाही. तरीही ‘नाही’च.

दुपारी ते गॅलरीत एकटे होते तेव्हा मी विचारलं. बराच वेळ पेपर चाळत राहिले. मग म्हणाले, ‘माझी पेन्शन किती येते माहितीये तुला?’ माहीत होतं. प्रायव्हेटवाल्यांची ईपीएस पेन्शन. पगार कितीही असो, 2014 पासून जास्तीत जास्त 15,000 रुपयेच धरून मोजलेली. त्यात लाइट बिल, औषधं आणि सोसायटीचा मेन्टेनन्स भागतो, बस्स. ‘ती नोकरीत आहे तोवर घर दोघांचं चालतंय असं वाटतं. उद्या दोघंही घरी, आणि किराणा तिच्या पेन्शनमधून...’ पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

म्हणजे भांडण इन्क्रिमेंटचं नव्हतंच!

परतताना गाडीत आमचंच सुरू झालं. नवरा आयटीत, त्याला 45 व्या वर्षी सगळं सोडून कोकणात जायचंय. एक्सेल शीट तयार आहे. त्या शीटमध्ये माझी कमाई ‘इतर’ या रकान्यात आहे. (फ्रीलान्सरला रिटायर कोण करणार, हाही प्रश्नच. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, फेअरवेलचा समोसासुद्धा नाही.) मी म्हटलं, ‘तू 45 ला थांबलास की मेडिक्लेम कोणाचा? कंपनीचा तर त्याच दिवशी संपणार.’ तो म्हणाला, ‘बघू.’ मुलुंड टोलनाक्यापर्यंत पुढे कोणी काही बोललं नाही.

आईला मी बाबांचं गॅलरीतलं बोलणं सांगितलं नाही. सांगावं का, अजून कळत नाही. पण परवा तिचा फोन आला. म्हणाली, ‘अगं, यांनी आज कुकर लावला. तीनच्या जागी सात शिट्ट्या झाल्या, पण लावला.’

अर्ज टाइप करून तिच्या पर्समध्ये आहे. तारीख टाकायची बाकी आहे.