जुनी तार, नवा वेग

मुलांनो, गेल्या वर्षी माझ्या आपाच्या घरी घडलेली एक गोष्ट तुम्हांला सांगतो.

आपाचे घर अंधेरीला एका जुन्या इमारतीत आहे. तिच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते. घरात तिच्याजवळ कोणीतरी असणे गरजेचे होते. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, संगणकावर इमारतींचे नकाशे काढते. आईजवळ राहता यावे म्हणून तिने घरून काम करण्याची परवानगी मागितली. तिचे साहेब म्हणाले, "नकाशांच्या फाइली मोठ्या असतात. घरच्या इंटरनेटचा वेग २०० मेगाबिटच्या वर असेल, तरच हे जमेल."

एका सेकंदात किती माहिती पोहोचते, हे मेगाबिटमध्ये मोजतात. आपाच्या घरी ३०० मेगाबिटची जोडणी होती. तरीही आतल्या खोलीतील संगणकावर वेग ९४ च्या वर जात नव्हता. मधल्या जाड भिंतींमुळे तिथे वायफायही नीट पोहोचत नव्हते. म्हणून राउटरपासून संगणकापर्यंत भिंतीतून केबल नेलेली होती. ती पंधरा वर्षांपूर्वीची होती.

वायरमन आला. केबल पाहून तो म्हणाला, "ही जुनी झाली. भिंत फोडून नवी घालावी लागेल."

ऑपरेशनमध्ये बराच पैसा खर्च झाला होता. आपा काही बोलली नाही; पण तिचा चेहरा उतरला.

भाचीने मला विचारले, "मामू, खरेच भिंत फोडावी लागेल का?"

मी म्हणालो, "थांब बेटा. आधी तारेची परीक्षा घेऊ. मग निकाल देऊ."

केबलच्या वेष्टनावर बारीक अक्षरे छापलेली असतात. ती आम्ही वाचली. त्यांत 'कॅट ५ ई' असे होते. हा केबलचा दर्जा आहे. ही अक्षरे वाचून मला धीर आला. का, ते आता पाहू.

अशा केबलच्या आत तांब्याच्या आठ बारीक तारा असतात. त्यांच्या चार जोड्या असतात : नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी. प्रत्येक जोडीत एक तार रंगीत असते व दुसरी त्याच रंगाची पट्टी असलेली पांढरी असते. या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. हा पीळ शोभेसाठी नसतो.

काही शाळांत दोन वर्गांच्या मध्ये भिंत नसते, लाकडी पडदा असतो. शेजारच्या वर्गातील पाढे आपल्या वर्गात ऐकू येतात आणि आपल्या गुरुजींचे बोलणे नीट समजत नाही. तारांचेही असेच होते. एका तारेतील संदेशाचा आवाज शेजारच्या तारेत शिरतो. विजेच्या तारा जवळ असतील, तर त्यांचाही गोंगाट येतो. दोन तारा पिळल्या, की बाहेरचा गोंगाट दोघींवर जवळजवळ सारखाच पडतो. पलीकडचे यंत्र दोन तारांमधील फरक तेवढाच वाचते. त्यामुळे सारखा असलेला गोंगाट वजा होतो आणि संदेश उरतो. टेलिफोनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली या युक्तीचे पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी मुंबईत टेलिफोन एक्सचेंज सुरू झाले.

संगणक एकमेकांना जोडण्याची जी पद्धत आज घरोघरी आहे, तिला इथरनेट म्हणतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी तिच्यावर काम सुरू केले. तेव्हा तिचा वेग ३ मेगाबिटपेक्षाही थोडा कमी होता. १९९० साली पिळलेल्या तारांवरून १० मेगाबिट वेगाचा नियम ठरला. १९९५ साली तो वेग १०० झाला आणि १९९९ साली १,०००. एक हजार मेगाबिट म्हणजे एक गिगाबिट.

आता एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. १०० मेगाबिटसाठी केबलमधील दोनच जोड्या वापरल्या जातात. एक जोडी माहिती पाठवते, दुसरी आणते. बाकीच्या दोन जोड्या रिकाम्या बसतात. १,००० मेगाबिटसाठी मात्र चारही जोड्या कामाला लागतात. प्रत्येक जोडी २५० मेगाबिटचा भार उचलते आणि तोही एकाच वेळी दोन्ही दिशांनी. दोन माणसे एकदम बोलत आहेत आणि तरीही एकमेकांचे ऐकत आहेत, असे समजा. प्रत्येक टोकाचे यंत्र स्वतःचा आवाज वजा करते व समोरच्याचा ऐकते. हे अवघड काम यंत्रातील चिप करते. तार तीच असते, शहाणपण टोकांना आलेले असते.

आता ९४ या आकड्याचे कोडे सुटते. पत्रासोबत पत्ता लिहिलेले पाकीटही पाठवावे लागते. तसेच संगणकाच्या माहितीसोबत पत्ता व इतर खुणा जातात. १०० मेगाबिटच्या जोडणीत ही पाकिटे वजा केली, की सुमारे ९४ उरतात. म्हणजे आपाच्या घरची केबल एकच गोष्ट सांगत होती : "मी १०० च्या वेगाने चालले आहे. माझ्या चार जोड्यांपैकी दोनच तुम्ही वापरता."

आम्ही भिंतीजवळचे कनेक्टर नीट पाहिले. खरोखरच त्यात चार तारा होत्या. निळी व तपकिरी जोडी कापून मागे दुमडलेली होती. केबल बसवली तेव्हा एवढा वेग कोणाला लागत नव्हता. म्हणून कोणीतरी काम थोडक्यात उरकले होते.

वायरमनला पुन्हा बोलावले. आठही तारा दोन्ही टोकांना एकाच क्रमाने बसवायच्या होत्या. तो क्रम असा : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी येते, हे पाहून भाचीला नवल वाटले. पण तसेच हवे. रंग आपल्या मनाने लावले, तर एका जोडीतील तार दुसऱ्या जोडीच्या जागेवर जाते. मग पिळाचा उपयोग होत नाही आणि वेग वाढवताच जोडणी तुटू लागते. तारांचा पीळही टोकाशी अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नये.

दोन नवे कनेक्टर बसले. भाचीने वेग मोजला. आकडा २९० च्या पुढे गेला. भिंतीला हातही लागला नाही. वायरमनने स्वतः दोनदा मोजून पाहिले आणि हसून म्हणाला, "पुढच्या घरी मी आधी टोके बघीन."

जुन्या तारेने नवे काम केल्याचे उदाहरण मुंबईने पूर्वीही पाहिले आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून माहिती अगदी सावकाश येई आणि तेवढा वेळ फोन अडकून राही. २००५ साली महानगर टेलिफोन निगमने मुंबईत ट्राय-बँड नावाची सेवा सुरू केली. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील घरांत टेलिफोनची तार होतीच. बदलली ती दोन्ही टोकांची यंत्रे. त्याच तारेवरून कितीतरी जास्त वेगाने इंटरनेट येऊ लागले आणि त्याच वेळी फोनवर बोलताही येऊ लागले.

गिगाबिटनंतरही जुन्या केबलची गोष्ट संपली नाही. जगभर कार्यालयांच्या व घरांच्या भिंतींत कॅट ५ ई केबल होती. ती सगळी उपटणे परवडणारे नव्हते. म्हणून २०१६ साली एक नवा नियम ठरला. त्यानुसार कॅट ५ ई केबलवरून १०० मीटरपर्यंत अडीच गिगाबिट वेग मिळतो. त्यापेक्षा वरच्या दर्जाच्या कॅट ६ केबलवरून पाच गिगाबिट मिळतो. मात्र त्यासाठी दोन्ही टोकांची यंत्रे त्या वेगाची हवीत. एक टोक धीमे असेल, तर दुसरे टोक त्याच्यासाठी थांबते.

याचा अर्थ प्रत्येक जुनी केबल चांगली असते, असा नाही. गच्चीवरून नेलेल्या केबलचे वेष्टन उन्हाने तडकते. पावसाळ्यात आत पाणी शिरते आणि तांबे हिरवे पडते. काही स्वस्त केबलींत तांबे वरवर असते व आत ॲल्युमिनियम असते. कुठे केबल चेपलेली असते, तर कुठे विजेच्या तारांना चिकटून गेलेली असते. अशी केबल बदललेलीच बरी. आणि एक सूचना : विजेच्या तारांजवळचे काम मुलांनी स्वतः करू नये. ते जाणकार माणसाकडूनच करून घ्यावे.

माझी भाची आज आईच्या पलंगाशेजारी बसून नकाशे काढते. आपा आता काठी घेऊन घरात चालते. नव्या कनेक्टरला थोडेच पैसे लागले. पण ते बसवण्याआधी तपासणे अधिक मोलाचे ठरले. एखादी वस्तू काम करीनाशी झाली, की आपण पटकन म्हणतो, "जुनी झाली, टाकून द्या." मुलांनो, टाकण्याआधी एकदा तिची टोके तपासून पाहा. दोष पुष्कळदा तिथेच असतो.