हसण्यापूर्वी एक प्रश्न

गूफी या लांब कानांच्या, धांदरट पण चिवट पात्राची ओळख आपल्या घरातील मुलांना करून द्यावी लागत नाही. वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओने १९४१ साली त्याच्यावर ‘द आर्ट ऑफ स्कीइंग’ हा छोटा ॲनिमेशनपट काढला. दिग्दर्शक होते जॅक किनी. गूफी बर्फावर स्कीइंग शिकतो, एवढीच त्याची कथा. सुट्टीत मुलांना तो अवश्य दाखवा आणि आपणही त्यांच्या शेजारी बसून पाहा. एका डॉक्टरला या चित्रपटाविषयी जे सांगावेसे वाटते, ते मात्र हसून झाल्यावर वाचा.

या चित्रपटात गूफी जवळजवळ बोलतच नाही. बोलतो तो निवेदक, आणि तोही एखाद्या विद्वान प्राध्यापकाच्या गांभीर्याने. पेहराव कसा करावा, वळावे कसे, उडी कशी घ्यावी, हे तो शांतपणे समजावून सांगतो आणि पडद्यावर नेमके उलट घडते. कपडे चढवतानाच गूफीची झटापट सुरू होते. पुढे पायांच्या लांब पट्ट्या एकमेकींत अडकतात, अंगाचा पीळ होतो आणि स्वारी उतारावरून गडगडत खाली येते. सांगणे आणि जमणे यांत किती अंतर असते, हेच या विनोदाचे मर्म आहे. पुस्तक वाचून पोहायला, किंवा सूचना ऐकून सायकल चालवायला, कोणीच शिकलेले नाही.

गूफी हवेत फेकला जातो, तेव्हाची त्याची लांबलचक आरोळी आता जगप्रसिद्ध आहे. ती या चित्रपटासाठी दिली हानेस श्रोल यांनी. ऑस्ट्रियातून अमेरिकेत आलेले हे निष्णात स्कीपटू योडलिंग या पर्वतीय गायनप्रकारातही तरबेज होते. कॅलिफोर्नियातील ‘शुगर बोल’ हे स्कीइंगचे केंद्र त्यांनीच उभे केले आणि त्यात वॉल्ट डिस्ने यांनी भांडवल गुंतवले होते. पडणाऱ्या गूफीचा तो आवाज उतारावर तोल सांभाळण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचा आहे, ही गंमत मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्याला उत्तम उभे राहता येते, तोही शिकताना असंख्य वेळा पडलेला असतो.

आता वैद्यकाकडे वळू. गूफी दरवेळी अंग झटकून उठतो, कारण त्याला हाडे नाहीत, रेषा आहेत. आपल्याला ती सवलत नाही. त्या काळी बूट पट्टीला घट्ट जखडलेला असे. पडताना लांब पट्टी फिरली की तिच्याबरोबर पायही पिळला जाई आणि नडगीचे हाड मोडे. पुढे ठरावीक ताण आला की बूट मोकळा करणारी बांधणी रूढ झाली आणि असे अस्थिभंग कमी झाले. गुडघ्याचे अस्थिबंध मात्र आजही दुखावतात. हातातील काठी न सोडता पडल्यास अंगठ्याच्या मुळाशी असलेला अस्थिबंधही फाटू शकतो. म्हणून चांगला प्रशिक्षक वेग शिकवण्याआधी थांबणे आणि पडणे शिकवतो. गुलमर्ग किंवा औलीला मुलांना नेणार असाल, तर हेल्मेट मापाचे आहे ना आणि बुटाची बांधणी मुलाच्या वजनानुसार जुळवली आहे ना, हे पाहिल्याशिवाय त्यांना उतारावर सोडू नका.

बर्फ आपल्यापासून दूर आहे, पण पडणे दूर नाही. काही वर्षांपूर्वी अकरा वर्षांच्या एका मुलाला त्याची आई माझ्याकडे घेऊन आली. लेखन अचानक बिघडले, अशी शाळेची तक्रार होती. मनगटावर सूज नाममात्र होती, पण हाडावर बोट दाबताच त्याचे डोळे भरून आले. पाच दिवसांपूर्वी तो सोसायटीच्या आवारात स्केटिंग शिकताना पडला होता. क्ष-किरण चित्रात अस्थिभंग दिसला. “अरे, तेव्हाच का नाही सांगितलंस?” असे आईने विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “सगळे हसले ना. बाबापण.”

ते वाक्य मी विसरलेलो नाही. हाताला प्लास्टर घालणे सोपे होते. वडिलांचे हसणेही दुष्टाव्याचे नव्हते. पडणारा माणूस पाहून कोणालाही हसू येते. पण त्या हशाने मुलाला आपले दुखणे लपवायला शिकवले होते.

मुलांच्या हाडांच्या टोकांना वाढीच्या नाजूक पट्ट्या असतात. तिथली दुखापत दुर्लक्षिली गेली, तर हाडाची वाढ बिघडू शकते. म्हणून मूल पडल्यावर हात किंवा पाय वापरायचे टाळत असेल, हाडावर दाबल्यास दुखत असेल, तर तेल लावून चोळू नका आणि अवयव ओढू नका. तो आहे त्या स्थितीत आधार देऊन स्थिर ठेवा, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावा आणि डॉक्टरांकडे न्या. डोक्याला मार लागून वारंवार उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा वाढती डोकेदुखी दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठा.

गूफीला मनसोक्त हसा. घरातील मूल पडले, तर मात्र आधी जवळ जा आणि विचारा, “लागलं का रे?” उत्तर ‘नाही’ असे आले, तर मग दोघे मिळून हसा. त्या मुलाने प्लास्टर निघाल्यावर पुन्हा स्केट्स बांधले. त्या वेळी त्याचे बाबा शेजारी धावत होते.