छातीचा आजार, संशोधन आणि आपली सही



मुरूम आणि आसपासच्या गावांत कुणाचा खोकला हटत नाही, कुणाच्या छातीत पाणी किंवा पू झाला, की आधी गावातला दवाखाना, मग उमरगा आणि तिथून सोलापूर, लातूर नाहीतर कलबुर्गी, अशी वाट ठरलेली असते. मोठ्या दवाखान्यात कधी कधी डॉक्टर विचारतात, "या आजाराच्या उपचारावर आमच्याकडे एक अभ्यास चालू आहे. तुम्ही सहभागी व्हाल का?" पुढ्यात चार-पाच पानांचा कागद येतो. मग घरात कुजबुज सुरू होते. सासूबाई म्हणतात, "आपल्यावर प्रयोग करतेत की काय?" नवरा म्हणतो, "मोठे डॉक्टर आहेत, करून टाक सही." आणि जिच्या छातीत दुखतंय, तिला कुणी विचारतच नाही.

आज आम्ही या कागदाबद्दलच बोलणार आहोत. तो कशासाठी असतो, त्यातून आजवर काय मिळालं, आणि सही करायच्या आधी काय विचारायचं.

चिठ्ठी टाकून उपचार?

असा अभ्यास म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. समजा, एका आजारावर दोन उपचार आहेत आणि त्यांतला चांगला कोणता हे खात्रीनं कुणालाच माहीत नाही. मग रुग्णांचे दोन गट करतात. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टर ठरवत नाहीत, चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. म्हणजे ओळखीच्या माणसाला एक आणि परक्याला दुसरं असं होत नाही. शेवटी मोजतात : किती बरे झाले, किती दगावले, कुणाला काय त्रास झाला.

टीबीवर असा पहिला गाजलेला अभ्यास ब्रिटनमध्ये झाला आणि 1948 साली छापून आला. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नवं होतं आणि सगळ्यांना पुरेल इतकं नव्हतंच. 55 रुग्णांना औषध आणि विश्रांती दिली, 52 जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत औषधाच्या गटात 4 जण दगावले, दुसऱ्या गटात 14. औषध लागू पडतं हे दिसलं. पण पुढे पाच वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा दोन्ही गटांतल्या मृत्यूंत फारसा फरक उरला नव्हता. एकाच औषधाला टीबीचे जंतू सरावले होते. म्हणून आज टीबीवर एकावेळी अनेक औषधं देतात. "दोन महिन्यांत बरं वाटलं, गोळ्या बंद केल्या" असं करू नका, हे आम्ही वारंवार का सांगतो, त्याचं कारणही हेच आहे. अर्धवट औषधानं जंतू मरत नाहीत, निबर होतात.

बरगड्या काढण्याचे दिवस

औषधं येण्यापूर्वी टीबीच्या माणसाला घरापासून लांब आरोग्यधामात ठेवत. आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडीला असं आरोग्यधाम होतं. चांगलं खाणं, मोकळी हवा आणि विश्रांती, एवढाच उपचार. काही जणांच्या बरगड्या काढून आजारी फुप्फुस दाबून बसवण्याचं ऑपरेशनही करत. जगलेला माणूस जन्मभर एका अंगानं वाकडा चाले.

मग 1956 साली मद्रासमध्ये एक अभ्यास सुरू झाला. 193 गरीब रुग्ण घेतले. काहींना वर्षभर आरोग्यधामात ठेवलं, काहींना घरीच औषधं दिली. घरच्या रुग्णांना ना तसं जेवण, ना विश्रांती. तरीही दोन्हीकडे बरे होण्याचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं. घरच्या माणसांना होणारी लागणही घरी उपचार घेतल्यामुळे वाढली नाही. खरा धोका निदान होण्याआधीचा, म्हणजे आपण खोकला लपवतो त्या दिवसांचा होता. आज मुरूमची बाई लेकरांत राहून टीबीच्या गोळ्या घेऊ शकते, ती त्या 193 माणसांमुळे.

पू झाला तर

न्यूमोनिया किंवा टीबीनंतर फुप्फुसाभोवती पू साचतो, तेव्हा औषधांबरोबर छातीत नळी घालून तो काढावा लागतो. पू घट्ट होऊन त्याचे कप्पे झाले, की नळी काम देत नाही. मग दुर्बिणीतून किंवा छाती उघडून ऑपरेशन करतात आणि फुप्फुसावर बसलेली जाड साल काढतात.

हे ऑपरेशन टाळता येईल का, यावर ब्रिटनमध्ये 210 रुग्णांचा अभ्यास झाला. तो 2011 साली छापून आला. नळीतून दोन औषधं सोडून पाहिली : एक गुठळ्या विरघळवणारं, दुसरं पू पातळ करणारं. कोणतंही एक औषध एकटं कामाचं ठरलं नाही. दोन्ही मिळून दिल्यावर मात्र तीन महिन्यांत ऑपरेशनसाठी पाठवावं लागलेले रुग्ण शंभरात चार निघाले. नुसतं पाण्यासारखं औषध दिलेल्या गटात ते शंभरात सोळा होते. म्हणून हा उपचार सगळ्यांना लागू असं नाही, त्यात रक्तस्रावाचा धोका असतो. पण "ऑपरेशनच करावं लागेल का, दुसरा मार्ग आहे का?" हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

सहा महिने आणि डाळ-तांदूळ

नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणाऱ्या टीबीसाठी पूर्वी दीड-दोन वर्षं औषधं चालत. त्यांतल्या काही इंजेक्शनांनी कित्येकांचं ऐकू येणं गेलं. मग बेलारूस, उझबेकिस्तान आणि दक्षिण आफ्रिकेत चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार तपासला. नवा उपचार इतका सरस दिसला, की 2021 मध्ये जुन्या उपचारासाठी नवे रुग्ण घेणंच थांबवलं. चालू अभ्यासावर बाहेरच्या जाणकारांची नजर असते, ती अशा वेळी कामी येते. भारत सरकारनं सप्टेंबर 2024 मध्ये या उपचाराला मान्यता दिली.

दुसरा अभ्यास आपल्या चुलीजवळचा. झारखंडमध्ये टीबीच्या रुग्णांना दर महिन्याला तांदूळ, डाळ, दूधभुकटी, तेल दिलं. काही भागांत त्यांच्या घरच्यांनाही तांदूळ-डाळ दिली, काही भागांत नाही. दहा हजारांहून जास्त घरच्या माणसांवर लक्ष ठेवलं. 2023 साली निकाल छापून आला : जिथे घरच्यांनाही धान्य मिळालं, तिथे त्यांच्यातली टीबीची लागण सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाली. घरात सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं खाणारी बाई हा हिशेब लक्षात ठेवील का? निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला 1000 रुपये रुग्णाच्या खात्यात येतात. ते रुग्णाच्या ताटासाठीच आहेत.

सही करण्याआधी

आता त्या कागदाकडे येऊ. आपल्या देशात 2019 पासून नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी नवे नियम आहेत, आणि दवाखान्याच्या नीतिसमितीनं मंजुरी दिल्याशिवाय चाचणी सुरू करता येत नाही. तुम्ही हे विचारा :

- अभ्यासात नाही आले, तर मला कोणता उपचार मिळेल?
- नवीन काय देणार, आणि त्याचा काय त्रास होऊ शकतो?
- किती वेळा यावं लागेल? मजुरी बुडेल, गाडीभाडं कोण देणार?
- त्रास झाला तर उपचार आणि भरपाई कोण देईल?
- मधेच सोडलं तर माझा नेहमीचा उपचार चालू राहील ना?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असंच असायला हवं. कागद मराठीत मागा, आणि कन्नड जवळची असेल तर कन्नडमध्ये. वाचता येत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या. अंगठा लावताना दवाखान्याशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. एक प्रत घरी आणा. दिवस गेले असतील, किंवा तशी शंका असेल, तर ते आधी सांगा. आणि निर्णय तुमचा आहे. नवऱ्याशी बोला, सासूबाईंशी बोला, पण "हो" किंवा "नाही" तुमच्या तोंडून निघू द्या.

या सगळ्याच्या आधीचं काम मात्र आपल्याच हातात आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, बेडक्यातून रक्त, यातलं काहीही असेल तर आशाताईंना सांगा. सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी आणि टीबीची औषधं मोफत आहेत. तपासणीला थुंकी नको, छातीतून खोकून काढलेला बेडका द्या. ऊसतोडीला किंवा माहेरी जायचं असेल, तर गोळ्यांची सोय करून मगच निघा. आणि तुमच्या गल्लीत एखादी सून तोंडाला पदर लावून खोकत असेल, तर तिला आज ऐकलेलं सांगा, तपासणीला सोबत न्या.