समितीच्या हिशोबाची दुसरी प्रत, दुसऱ्या जागी



आपल्या समितीचा बराचसा हिशोब आता कॉम्प्युटरात आहे. सदस्य यादी, भाग भांडवल, तलावाच्या पट्ट्याची रक्कम, मत्स्यबीजाची खरेदी, कोणी किती किलो मासळी दिली, कोणाचे किती पैसे निघतात. मशीन बिघडली तर नवी मिळते, आतला हिशोब बाजारात मिळत नाही. पट्ट्याच्या नूतनीकरणाला आणि ऑडिटला तोच लागतो. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अपघाती मृत्यूला 5 लाखांचा विमा आहे. अशा वेळी घरची माणसं नोंद मागायला आली आणि आम्ही म्हटलं रजिस्टर उडालं, तर चालेल का?

आपल्याच राज्यात 12 जून 2023 ला भोपाळच्या सतपुडा भवनाला आग लागली. तिसऱ्या मजल्यावरून सहाव्यापर्यंत चढली. माणसं वाचली, पण हजारो फाइली जळाल्या. त्याआधी 21 जून 2012 ला मुंबईचं मंत्रालय जळालं, तिथे माणसंही दगावली. तेव्हा सगळ्यांना वाटलं, आदर्श सोसायटीची कागदं गेली. पण ती आधीच सीबीआयच्या ताब्यात होती, म्हणून राहिली. बॅकअप म्हणजे एवढंच, दुसऱ्या जागी ठेवलेली प्रत.

कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावून ठेवला की लोक म्हणतात बॅकअप झाला. नाही झाला. वीज पडली तर दोन्ही जातात, चोर आला तर दोन्ही नेतो. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला, फाइली कुलूपबंद करून पैसे मागायचा. असे व्हायरस जोडलेल्या पेनड्राइव्हलाही सोडत नाहीत. गूगल ड्राइव्ह आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. सिंक चालू असेल तर इथली फाइल पुसली की तिथलीही जाते. ट्रॅशमध्ये 30 दिवस राहते, पुढे नाही.

कॉम्प्युटरवाले तीन-दोन-एक म्हणतात. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक बाहेर. आम्ही असं बसवलं आहे: दर शनिवारी टॅलीचा बॅकअप आणि एक्सेलच्या याद्या पेनड्राइव्हवर, तारीख टाकून. जुन्यावर नवीन चढवायचं नाही. काम झालं की पेनड्राइव्ह काढून अध्यक्षांच्या घरी. महिन्याला एक प्रत हार्डडिस्कवर, ती पांढुर्ण्यात नाही, सौंसरला राहील. पासवर्ड बंद पाकिटात दोघांकडे, नाही तर एक माणूस दवाखान्यात भरती झाला की हिशोबाला कुलूप. कागदी सदस्य रजिस्टर सुरूच राहील. पोरं हसतात, पण लाइन गेली तरी ते उघडते!

आणि घेतलेली प्रत उघडून पाहायचं काम जिथेतिथे राहून जाते. टॅलीची बॅकअप फाइल नुसती दाबून उघडत नाही, टॅलीत जाऊन रिस्टोर करावी लागते. चालू हिशोबावरच रिस्टोर केलं तर आजचा डेटा पुसून जुना बसतो. म्हणून हे दुसऱ्या कॉम्प्युटरवरच करायचं.

16 जून ते 15 ऑगस्ट बंद ऋतूत जरा सवड असते. पहिल्याच आठवड्यात ही तपासणी करू. ज्यांना पाहायचं त्यांनी यावं, येताना आपापल्या मासळीच्या पावत्या आणाव्या. प्रतीतला आकडा आणि पावतीवरचा आकडा समोरासमोर जुळवून घेऊ.