मेज एक, संगणक दोन

एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत, असें आपण म्हणीच्या आधारानें नेहमीं सांगतों. परंतु हल्लीं पुष्कळ सुशिक्षित घरांत एकाच मेजावर दोन संगणक येऊन बसले आहेत, आणि त्यांना तेथें गुण्यागोविंदानें नांदवावें कसें, हा गृहव्यवस्थेंतील एक नवाच प्रश्न होऊन बसला आहे. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली आणि कचेरी घरीं आली. टाळेबंदी उठली, तरी पुष्कळ घरांतून ती कचेरी पुरती परत गेली नाहीं. कचेरीनें दिलेला लॅपटॉप एका बाजूस, आणि मुलांचा अभ्यास, वडील मंडळींचे बँकेचे व्यवहार व घरचा हिशेब ज्यावर चालतो तो घरचा संगणक दुसऱ्या बाजूस, असा देखावा आतां नित्याचा झाला आहे.

अशा वेळीं दोन मार्ग सहज सुचतात. एक, मॉनिटर, कीबोर्ड व माऊस यांचे दोन दोन संच मांडणें. पण नांदत्या घरांत तितकी जागा कोठून आणावी? दुसरा मार्ग असा कीं, कचेरीचाच लॅपटॉप सर्वांनीं मिळून वापरावा. हा दिसण्यांत स्वस्त, पण परिणामीं फार महाग. कचेरीचा संगणक ही आपल्या घरीं ठेवलेली दुसऱ्याची ठेव आहे. त्यांत परक्यांचीं पत्रें, गिऱ्हाइकांची माहिती, व्यवहाराचीं गुपितें असतात. एखाद्या मुलानें खेळ म्हणून कांहीं उतरवून घेतलें आणि त्याच्याबरोबर उपद्रवी प्रणाली आंत शिरली, तर नोकरीवरच बेततें. उलट बाजूही ध्यानांत घेण्यासारखी आहे. अशा संगणकावर काय चालतें हें कचेरीला पुष्कळदां पाहतां येतें. तेव्हां घरचे बँकेचे व्यवहार त्यावर करणें शहाणपणाचें नव्हे.

या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे संगणक दोन ठेवावे, पण पाहण्याचीं व टंकण्याचीं साधनें एकच ठेवावीं. त्यासाठीं जी लहानशी पेटी मिळते तिला के.व्ही.एम. स्विच म्हणतात. कीबोर्ड, व्हिडिओ व माऊस या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हें नांव पडलें. ही कल्पना घरगुती नव्हे. मोठ्या संस्थांच्या यंत्रशाळांत जेव्हां संगणकांच्या रांगा उभ्या राहिल्या, तेव्हां प्रत्येकाला निराळा पडदा देणें परवडेना. म्हणून एकाच पडद्यासमोर बसून बटणानें हव्या त्या यंत्राकडे वळण्याची सोय करण्यांत आली. तीच सोय आतां आपल्या मेजावर आली आहे.

तिची रचना सोपी आहे. पेटीच्या एका अंगास मॉनिटर, कीबोर्ड व माऊस जोडावयाचे; दुसऱ्या अंगास दोन्ही संगणकांच्या केबली. बटण दाबलें कीं तिन्ही साधनें एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जातात. बिनतारी माऊस असेल तर त्याचा चिमुकला ग्राहक या पेटींतच बसवावा. लॅपटॉप मिटून ठेवावयाचा असल्यास, झांकण लावल्यावर तो झोंपीं जाऊं नये अशी योजना त्याच्या सेटिंगमध्यें आधीं करून घ्यावी.

पेटी घेतांना मात्र चौकसपणा हवा. कळ दाबल्याचा संदेश अगदींच हलका; खरा भार चित्राचा असतो. ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांच्या पडद्यावर सुमारें ८३ लक्ष ठिपके असतात, आणि सेकंदाला ६० चित्रें दाखवावयाचीं म्हणजे जवळजवळ ५० कोटी ठिपक्यांची वाहतूक झाली. हलक्या पेटीला हा भार झेपत नाहीं. मग चित्र अडखळतें किंवा पडदा काळा होतो. आपला मॉनिटर केवढा, त्याला एचडीएमआयची केबल लागते कीं डिस्प्लेपोर्टची, हें पाहून त्याच मापाची पेटी निवडावी. दुसरी गोष्ट ओळखीची. जोडल्यावर मॉनिटर आपली लांबीरुंदी संगणकाला कळवितो. साधी पेटी बटणासरशी ही ओळख तोडते, आणि मॉनिटर निघून गेला असें समजून संगणक उघड्या खिडक्या अस्ताव्यस्त करतो. चांगल्या पेट्या ही ओळख राखून ठेवतात. त्यांस थोडें अधिक मोल पडलें तरी तें वायां जात नाहीं.

ज्यांना एवढाही खर्च नको त्यांनीं आपल्या मॉनिटरची पाठ एकदां पाहावी. पुष्कळ मॉनिटरांना मुळांतच दोन वाटा असतात. दोन्ही संगणक त्यांस जोडून मॉनिटरच्याच बटणानें चित्र बदलतां येतें, आणि कीबोर्ड-माऊसासाठीं केवळ एक साधा यूएसबी स्विच पुरतो. बटणें मात्र दोन दाबावीं लागतात. केवळ प्रणालीच्या बळावर एकच कीबोर्ड व माऊस दोन संगणकांवर चालविणें हाही मार्ग आहे. ॲपलनें २०२२ सालीं युनिव्हर्सल कंट्रोल आणलें तें याच जातीचें. परंतु तेथें प्रत्येक यंत्राचा पडदा निराळाच राहतो. शिवाय कचेरीच्या संगणकावर बाहेरची प्रणाली बसविण्यास बहुधा मनाई असते.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ही पेटी साधनें वाटते, पण पहारा करीत नाहीं. घरच्या संगणकावर गणितें सोडविणाऱ्या पुतण्यानें सहज बटण दाबलें, तर काकांच्या कचेरीचा पडदा जसाच्या तसा त्याच्यासमोर उभा राहतो. म्हणून मेजावरून उठतांना संगणकास कुलूप लावण्याची संवय हवीच. विंडोजमध्यें विंडोजची खूण असलेली कळ व ‘एल’ ही कळ एकदम दाबली कीं काम झालें. तसेंच कांहीं पेट्यांना पेन ड्राइव्हसाठीं जादा जागा असते. तींत लावलेला पेन ड्राइव्ह बटणासरशी घरांतून कचेरींत आणि कचेरींतून घरांत जातो, आणि दोन संगणक निराळे ठेवण्याचा हेतूच फसतो. ती जागा रिकामीच ठेवावी. आपल्या कचेरीस अशी जोडणी मान्य आहे कीं नाहीं, हेंही आधीं विचारून घेणें बरें.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांना हा व्यवहार निराळा शिकवावयास नको. चूल एक, पंगत एक, पण प्रत्येक सुनेची ट्रंक निराळी, आणि ती दुसरीनें उघडावयाची नाहीं, हा दंडक आपल्या घरांनीं पिढ्यान् पिढ्या पाळला. कोणाचें काय हें ठरलेलें होतें, म्हणूनच पुष्कळ गोष्टी निःशंकपणें सामाईक ठेवतां आल्या. मेजावरील दोन संगणकांनाही तोच दंडक लागू आहे. पडदा सर्वांचा असो. त्यामागची ठेव ज्याची त्याची राहूं द्यावी.