युनियन काढायला घेतली आणि पगार वाढला: ही वाढ बेकायदेशीर कशी ठरू शकते?

समजा, कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत १२० कामगार आहेत. त्यातले काहीजण युनियन काढायचं ठरवतात. मॅनेजमेंटला कुणकुण लागते आणि महिनाअखेरीला सगळ्यांच्या पगारात दोन हजारांची वाढ होते. कुणाला धमकी नाही, कुणाला कामावरून काढलेलं नाही. तरीही कायद्याच्या भाषेत ही वाढ ‘अनुचित कामगार प्रथा’ ठरू शकते.

हे अनेकांना पटत नाही. पगार वाढवणं हा गुन्हा कसा?

महाराष्ट्रात यासाठी १९७१ चा स्वतंत्र कायदा आहे. कामगार संघटनांना मान्यता देणं आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालणं, असे दोन विषय त्यात एकत्र आहेत. राज्य सरकारने १९६८ साली नेमलेल्या समितीच्या शिफारशींवरून तो तयार झाला आणि ८ सप्टेंबर १९७५ पासून अमलात आला. कोर्टात आणि कंपनीच्या गेटवर त्याखालच्या केसला सरसकट ‘यूएलपी’ म्हणतात.

या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत मालकाने युनियनच्या बाबतीत काय करू नये याची यादी आहे. युनियनमध्ये गेलात तर काढून टाकू, युनियन झाली तर कारखाना बंद करू, या धमक्या त्यात आहेतच. त्यांच्याच शेजारी, संघटना बांधली जात असताना ती मोडण्याच्या हेतूने दिलेली पगारवाढही आहे. यादीच्या सुरुवातीची भाषा अमेरिकेच्या १९३५ च्या कामगार कायद्याशी बरीच मिळतीजुळती आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६४ साली एका प्रकरणात असंच म्हटलं, की युनियनच्या मतदानाच्या तोंडावर दिलेले लाभ हे कामगारांच्या निवडीत ढवळाढवळ करणंच आहे. जो आज खुशीने देतो, तो उद्या काढूनही घेऊ शकतो, हा त्यातला न बोललेला निरोप कामगाराला बरोबर कळतो.

म्हणजे आक्षेप वाढीला नाही, तिच्या वेळेला आणि हेतूला आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये होणारी वाढ याही एप्रिलमध्ये झाली तर त्यात काही गैर नाही.

हा काळ इतका नाजूक का, हे आकड्यांवरून कळतं. युनियनच्या नोंदणीसाठी किमान ७ जणांनी अर्ज करावा लागतो आणि कारखान्यातले १० टक्के किंवा १०० कामगार, यातला जो आकडा कमी असेल तेवढे सभासद लागतात. आपल्या फौंड्रीत हा आकडा १२ होतो. अर्ज करणाऱ्यांची नावं-पत्ते अर्जावरच असतात. पुढे १९७१ च्या कायद्याखाली ‘मान्यताप्राप्त’ व्हायचं, तर अर्जाआधीचे सलग सहा महिने किमान ३० टक्के, म्हणजे इथे ३६ जण सभासद असावे लागतात. तेवढे दिवस हे ३६ जण टिकवायचे. मालकाला त्यातले चार-पाच फोडता आले तरी पुरतं. माझ्या मते या कायद्यातली सगळ्यात अवघड जागा हीच आहे.

युनियन केली म्हणून काढलं, असं पत्र अर्थातच कोणी देत नाही. पत्रात कारण वेगळं असतं: विनापरवाना गैरहजेरी, उद्धट वर्तन, कामात कुचराई. काहींची अचानक लांबच्या युनिटला बदली होते. म्हणून चौथ्या अनुसूचीत हे मार्गही नोंदवले आहेत. सूडबुद्धीने बडतर्फी, गैरहजेरीचे रचलेले आरोप, घाईघाईत उरकलेली खातेनिहाय चौकशी, धोरणाच्या नावाखाली केलेली बदली हे सगळं त्यात आहे. बडतर्फीची तक्रार कामगार न्यायालयात जाते, बाकीच्या तक्रारी औद्योगिक न्यायालयात. (युनियननेही काय करू नये याची यादी तिसऱ्या अनुसूचीत आहे. कायदा एकतर्फी नाही.)

हेतू सिद्ध करायचा कसा? इथे तारखा बोलतात. युनियनचं पत्र कंपनीने कधी स्वीकारलं, चार्जशीट त्यानंतर किती दिवसांनी आली, तशाच चुकीसाठी दुसऱ्या कामगाराला काय शिक्षा झाली होती, हे कोर्ट पाहतं. मॅनेजमेंटला युनियनची माहितीच नव्हती, हा बचाव हमखास येतो. त्यामुळे पोच घेतलेल्या एका पत्राची किंमत फार मोठी असते. तक्रार घटनेपासून ९० दिवसांत करायची. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं. बडतर्फीचा आदेश हातात पडेपर्यंत थांबायचीही गरज नाही. चौकशी चालू असतानाच दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्तान लिव्हर प्रकरणात १९९५ साली स्पष्ट केलं. कोर्ट अंतरिम आदेश देऊ शकतं, कामगाराला पुन्हा कामावर घ्यायला लावू शकतं. तो आदेश मोडला तर तीन महिन्यांपर्यंत कैदेची किंवा पाच हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आजच्या हिशोबात हा दंड किरकोळच.

एक मोठा गट मात्र या दारातच अडतो. फौंड्रीत फेटलिंगसारख्या कामावर ठेकेदाराचे कामगार सर्रास असतात. मूळ कंपनीच आपली मालक आहे की नाही, यावरच वाद असेल तर यूएलपी चालत नाही, आधी ते नातं दुसऱ्या मार्गाने सिद्ध करावं लागतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने सिप्ला प्रकरणात २००१ साली दिला. युनियनची खरी गरज ज्याला आहे, त्याच्यासाठीच वाट सगळ्यात लांबची झाली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्या दुसऱ्या अनुसूचीत जवळपास हीच यादी आहे, पगारवाढीच्या कलमासह. दंड मात्र १० हजार ते २ लाख रुपये आहे. संहितेने तीन केंद्रीय कायदे रद्द केले, त्यांत महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याचं नाव नाही. पण संहितेत न्यायाधिकरणांची रचना वेगळी आहे. त्यामुळे नवी तक्रार कशाखाली आणि कुठे करायची, हे कामगार कायद्याच्या वकिलाला विचारूनच ठरवावं. ९० दिवस त्यातच निघून जाऊ देऊ नयेत.

औद्योगिक न्यायालयाच्या निकालाला उच्च न्यायालयात आव्हान देता येतं. त्यासाठी कोल्हापूरच्या कामगाराला मुंबई गाठावी लागे आणि रजा, प्रवास, वकील यांच्या खर्चापुढे अनेकजण तडजोडीवर सही करत. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालं आहे. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणंही आता तिथेच चालतात.